डॉक्टर माथुरांच्या सहा ऑडिशन्स

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ऑफिसात नऊ वर्षं माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीलाही नाही. एक-दोनदा अगदी ओठांवर आलं होतं — आणि मी दुसराच किस्सा सांगून वेळ मारून नेली. कास्टिंगचं काम करणाऱ्या बाईकडे किस्से भरपूर असतात. लोक हसतात. मीही हसते.

तर आधी माणूस कोण ते सांगते.

दिनकर उकिडवे. या नावाने त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. लोक त्यांना डॉक्टर माथुर म्हणायचे. मी आठवीत होते तेव्हा टीव्हीवर एक हिंदी मालिका लागायची, एका छोट्या गावातल्या सरकारी दवाखान्याची. सहा वर्षं चालली. ती सुरू असताना आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या घरात कुणी फोन उचलायचं नाही. डॉक्टर माथुरांची एक लकब होती — वाईट बातमी सांगायची असली की ते आधी खुर्ची पेशंटजवळ ओढून घ्यायचे, बसायचे, आणि थोडा वेळ काहीच बोलायचे नाहीत. बस्स, एवढंच. माझे बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतले, कशानेही न हलणारे. पण ती खुर्ची सरकली की तेसुद्धा चष्मा काढून पुसायला घ्यायचे.

मालिका संपली. मग त्या माणसाचं काय झालं? तुम्ही कधी विचारलंय असं स्वतःला, कुठल्याही मालिकेनंतर? मी विचारायचे. लहानपणापासून. शेवटचा भाग झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर माथुर उठून काय करत असतील? दात घासताना आरशात कोण दिसत असेल त्यांना? माझ्या मैत्रिणी नटांची लग्नं कुणाशी झाली ते विचारायच्या, मी हे विचारायचे. तेव्हा त्यात वाईट काही नव्हतं. निदान मला तरी ते वाईट वाटत नव्हतं.

त्यांचं काय झालं ते मला वीसेक वर्षांनी त्यांच्याच तोंडून कळलं. सुरुवातीला सगळ्या डॉक्टरच्याच भूमिका आल्या, त्या त्यांनी नाकारल्या. मग वेगळं काही येईना. मग ते डॉक्टरच्याच भूमिका मागायला गेले, तर तिथे नवे चेहरे येऊन बसले होते. जज म्हणून उभे राहिले तर दिग्दर्शक म्हणाला, लोक तुमच्या गळ्यात स्टेथोस्कोप शोधतील. काही वर्षं डबिंग, काही वर्षं गणपतीत उद्घाटनं. शेवटी सुनंदाकाकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, बँकेतून दिल्लीला बदली झाली आणि मुंबईचं भाड्याचं घर सोडून दोघं द्वारकेला राहायला आले. आमच्यापासून तीन सेक्टर पलीकडे.

मी तेव्हा नोएडातल्या एका फिल्म कंपनीत होते. जाहिराती, हॉस्पिटलांच्या फिल्म, कंपन्यांच्या ट्रेनिंगच्या फिल्म — त्यांत लागणारी माणसं शोधायची, बोलवायची, कॅमेऱ्यासमोर उभी करायची, हे माझं काम. एक दिवस घरी वापरायच्या बीपी मशीनची जाहिरात आली. वडिलांची भूमिका, दोन वाक्यं. द्वारकेच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी उकिडव्यांचा नंबर दिला. मी त्याच दुपारी फोन केला.

ते आले. द्वारकेहून मेट्रोच्या ब्लू लाइनने, दीड तासाचा प्रवास करून. पिशवीत तीन शर्ट, इस्त्री करून घडी घातलेले. दारावरच्या गार्डने त्यांना बघितलं आणि उभा राहिला. म्हणाला, "डॉक्टर साहब, मेरा घुटना देखिए ना." आणि ते खरंच थांबले. किती दिवस दुखतोय, जिना चढताना जास्त का, असं विचारलं, आणि मग हाडाच्या डॉक्टरकडे जा म्हणाले. नंतर मला म्हणाले, मेट्रोत रोज एक तरी पेशंट भेटतो. हसून म्हणाले. त्या हसण्यात काय होतं? मी तेव्हापासून बघायला लागले.

दोन वाक्यांच्या त्या भूमिकेसाठी त्यांनी दोन पानं लिहून आणली होती. हा माणूस रेल्वेतून निवृत्त झालाय, मुलाने मशीन भेट दिलंय, याला ते आवडलेलं नाही पण सांगता येत नाही — असं सगळं. आणि कॅमेरा सुरू झाल्यावर त्या दोन वाक्यांत ते सगळं दिसलं. मी इतकी वर्षं ऑडिशन्स घेतेय, असं क्वचित दिसतं.

क्लायंटने नाही म्हटलं. हे तर डॉक्टर माथुर, लोक मशीनकडे बघणारच नाहीत. बरोबरच होतं त्यांचं.

मी हे उकिडव्यांना कळवायला हवं होतं. माझ्या कामाचा तो भागच आहे, रोज पाच-सात जणांना कळवते. त्यांना मात्र मी म्हटलं, "काका, अजून विचार चाललाय." का? दुखवायचं नव्हतं म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण तुम्हाला सांगते — मला त्यांनी परत यायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी मी त्यांना पुन्हा बोलावलं. विम्याच्या एका फिल्ममधले आजोबा. ती फिल्म आदल्या आठवड्यात शूट होऊन गेली होती.

हे वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली. लिहिल्यावर किती छोटं दिसतंय.

कुणी मला विचारलं नाही. गुरुवारी दुपारी कॅमेऱ्याची खोली रिकामी असायची, आणि ऑडिशन कशासाठी चाललीय हे मी सोडून कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आमचे बॉस तनेजा एकदा डोकावले, "अच्छा, डॉक्टर साहब फिर आए" म्हणाले, सेल्फी काढून गेले. मी काकांना तेच आजोबा तीन तऱ्हांनी करायला सांगितले. आनंदी करा. दमलेले करा. अपमान झालाय पण घरच्यांना कळू द्यायचा नाहीये, असे करा. त्यांनी एकदाही विचारलं नाही की विम्याच्या फिल्ममध्ये अपमान कशाला. पाणी प्यायले, मान हलवली आणि केलं.

मला काय हवं होतं? हा प्रश्न मी पुष्कळ वेळा उलटसुलट करून पाहिलाय. मला त्यांचा राग नव्हता. त्यांना कमीपणा आणून मला काही मिळणार नव्हतं. मला नुसतं बघायचं होतं. ज्याला एकेकाळी सगळा देश ओळखायचा तो माणूस, आता कुणी विचारत नसताना, आतून कसा चालतो — नकार मिळेल हे माहीत असताना शर्टाला इस्त्री करावीशी वाटते ती कुठून? ते तोंडाने विचारलं असतं तर त्यांनी चहा पीत सांगितलं असतं, त्यांना बोलायला आवडायचं. पण मला सांगितलेलं नको होतं. घडताना बघायचं होतं. पुढे मी स्वतःची समजूत घातली की यावर आपण एक माहितीपट करू. एकही ओळ लिहिली नाही. तो विचारसुद्धा फक्त स्वतःला दाखवायला होता.

तिसरी ऑडिशन, चौथी ऑडिशन. तोवर आमची घरोब्याची ओळख झाली होती. ते मला 'अगं मेधा' म्हणायला लागले होते, काकू त्यांच्याबरोबर नारळाच्या वड्या पाठवायच्या, ऑफिसात सगळ्यांना पुरतील इतक्या. मी त्या वाटायचे.

पाचव्या वेळी मी स्वतः एक प्रसंग लिहिला. मुंबईहून एक वेब सिरीज येतेय, त्यात मोठी भूमिका आहे, असं त्यांना सांगितलं. कसली सिरीज? काही नव्हतंच. प्रसंग असा — एक जुना नट एका दिग्दर्शकाला फोन करतो, फोन सहाय्यक उचलतो, आणि नटाला आपलं नाव तीनदा सांगावं लागतं. एवढंच. मी तो जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता टाइप केला होता.

त्यांनी कागद वाचला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग उभे राहिले आणि केलं. पहिल्यांदा नाव सांगितलं ते सहज. दुसऱ्यांदा थोडं सावकाश, पलीकडच्याला ऐकू गेलं नसावं अशा समजुतीने. तिसऱ्यांदा नाव सांगताना ते हसले — स्वतःच्याच नावाला, जसं एखाद्या ओळखीच्या पण जरा बावळट माणसाला हसावं तसं. मी कॅमेऱ्यामागे होते. माझ्या अंगावर काटा आला. आणि मला आनंद झाला. दोन्ही एकदम. आनंद झाला हे मी लपवणार नाही.

"हे लिहिलंय कोणी?" त्यांनी विचारलं.

"आहे मुंबईचा एक मुलगा."

"चांगलं लिहितो," ते म्हणाले. "माणूस ओळखीचा वाटतो."

त्यांनी ओळखलं होतं का? मला अजूनही कळलेलं नाही. ओळखलं असतं तर सहाव्यांदा आले असते का?

जानेवारीत त्यांनी मला कोपर्निकस मार्गावर बोलावलं, आपल्या राज्य सरकारच्या अतिथीगृहाच्या कँटीनमध्ये. जवळच्या थिएटरात नाटक बघायला आले की ते तिथे साबुदाणा वडा खायचे. त्या दिवशी वडा तसाच पडून होता. गुरुग्रामच्या एका खाजगी शाळेने त्यांना नाटकाचे शिक्षक म्हणून बोलावलं होतं. एप्रिलपासून, पूर्ण वेळ. एकोणसाठ वर्षांच्या माणसाला पक्की नोकरी. अडचण एकच होती, पहिल्या वर्षी लांबची रजा नाही.

"म्हणून तुला विचारतोय," ते म्हणाले. "तुझ्या त्या सिरीजचं शूटिंग जुलैमध्ये असेल तर मला शाळेला नाही म्हणावं लागेल. सांग बिनधास्त. नसेल होणार तर नसेल, मला काही वाटणार नाही."

बघा, त्यांनी दार किती उघडं ठेवलं होतं. 'नाही होणार काका' — एवढं म्हणायचं होतं. त्यांना खरंच काही वाटलं नसतं, त्यांनी वडा संपवला असता.

"थांबा काका थोडं," मी म्हटलं. "जवळपास नक्की आहे."

का म्हटलं? खरं सांगायचं तर खोटं उघडं पडेल ही भीती तर होतीच. पण भीतीच्या जोडीला ते दुसरंही होतं. ते शाळेत गेले असते तर माझ्या गुरुवारच्या दुपारी संपल्या असत्या.

त्याच आठवड्यात काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बाहेरच्या खोलीत आठ-दहा बायका, तिळगूळ, गप्पा अर्ध्या मराठीत अर्ध्या हिंदीत. काकूंनी मला चहाला मदत कर म्हणून स्वयंपाकघरात नेलं. कप एकटीनेच मांडले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"मेधा, खरंच काम आहे का गं ते?"

मी बशा पुसायला घेतल्या.

"त्यांना मी विचारत नाही. कॅमेऱ्यासमोर एवढंसं खोटं शिरलं तरी त्यांना कळतं. समोरच्या माणसातलं नाही कळत. म्हणून तुला विचारतेय."

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. बँकेत एखादा कागद तपासताना विचारतात तसं विचारलं होतं त्यांनी, नीट, शांतपणे. माझ्यावर विश्वास टाकायला त्या तयार होत्या, फक्त मी एकदा तोंडाने म्हणायला हवं होतं.

"हो काकू," मी म्हटलं. "आहे."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि चहा गाळायला घेतला.

दोन दिवसांनी काकांनी शाळेला नकार कळवला.

आणि आता सहावी ऑडिशन. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून मागे ठेवलं होतं — नाही, मागे ठेवलं कारण सांगावंसं वाटत नव्हतं. फेब्रुवारीत मी त्यांना आणखी एकदा बोलावलं. शाळा गेली होती; काम मुळात नव्हतंच, हे मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं. दिग्दर्शकाला अजून एक नमुना हवाय, म्हटलं. मला आशा धरलेला माणूस बघायचा होता. पाच वेळा मी नकाराची सवय झालेला माणूस बघितला होता, हा वेगळा असेल असं वाटलं.

वेगळाच होता. ते दहा मिनिटं आधी आले. गार्डशी थट्टा केली. आणि कॅमेऱ्यासमोर — काय सांगू — त्यांचं काम वाईट झालं. पहिल्यांदाच. घाई होती त्यात, पसंत पडायची धडपड होती. दोनदा वाक्य चुकले. "परत करतो हं," म्हणाले, नव्या मुलांसारखे. मी म्हटलं, छान झालं काका. ते गेल्यावर मी रेकॉर्डिंग पुन्हा लावून बघितलं. एकदा नाही, तीनदा.

एप्रिलच्या शेवटी मी फोन करून सांगितलं की सिरीज बंद पडली. तोवर शाळेने दुसरं कुणी घेतलं होतं. त्यांनी एक सेकंदही न घेता मला धीर दिला. "तुझी काय चूक गं त्यात? आपल्या धंद्यात चालायचंच. तू किती केलंस माझ्यासाठी." काकूंच्या वड्या त्यानंतर आल्या नाहीत. मी कारण विचारलं नाही.

मग काही घडलं नाही, हीच त्याची गोष्ट. काकांना दिल्लीत काम मिळालं नाही. दोन वर्षांनी काकू निवृत्त झाल्या आणि दोघं सांगलीला निघून गेले. निरोपाचा मेसेज आला, मी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

गेल्या वर्षी कुणीतरी मला एक व्हिडिओ पाठवला. सांगलीतल्या एका मुलीने जुन्या कलाकारांच्या मुलाखतींचा चॅनल सुरू केलाय. काका अंगणात बसलेले, केस पूर्ण पांढरे. मालिकेनंतरचे दिवस कसे काढले, असं तिने विचारलं. त्यांनी बरंच सांगितलं, तक्रार न करता. मग म्हणाले, दिल्लीत एक मुलगी होती, मेधा नावाची. कुणी विचारत नव्हतं तेव्हा तिने मला सहा वेळा बोलावलं. काम नाही झालं, ते सोडा. पण तिला वाटत होतं की हा माणूस अजून काहीतरी करू शकतो. त्यावर मी दोन वर्षं काढली.

माझ्या बहिणीने तो व्हिडिओ बघितला आणि मला फोन करून रडली. म्हणाली, किती चांगलं केलंस तू. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, अगं, त्यात काय एवढं.

चार दिवसांनी मी काकांना फोन केला. सांगायलाच केला होता. गॅलरीत दार लावून उभी राहिले, म्हणजे आत कुणाला ऐकू जाऊ नये. ते खूप खूश झाले. माझ्या कामाची चौकशी केली, दिल्लीच्या धुराची केली. मी सुरुवात करायला तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं ते हे —

"काका, त्या शाळेचं कधी वाईट वाटतं का तुम्हाला?"

पुन्हा तेच. सांगायच्या ऐवजी विचारलं.

"वाटतं गं," ते म्हणाले. "नोकरीचं नाही तेवढं. त्यांनी मला एक तास घ्यायला लावला होता आधी, बघायला. अठ्ठावीस पोरं. शेवटी एकीने विचारलं, सर, रडायचं असेल तर खरंच दुःख व्हावं लागतं का? तेवढ्यात घंटा झाली. मी म्हटलं, पुढच्या तासाला सांगतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उत्तर तयार होतं माझ्याकडे," ते म्हणाले.

ते उत्तर काय होतं हे विचारायची मला फार इच्छा झाली, हेही इथे सांगून टाकते. मग मागून काकूंचा आवाज आला, कोण आहे म्हणून. "मेधा आहे, दिल्लीची. बोलतेस?" असं काकांनी विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. त्यावर काकू काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

"हात पिठात आहेत तिचे," काका म्हणाले.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.